पाठमोरा साक्षीदार

बातमी नेहमी खालून कापायची असते. हे शास्त्र श्रीरंगराव भोइट्यांना 'दैनिक नीराकाठ'च्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं, आणि त्यांनी ते सत्तावीस वर्षं इमानेइतबारे पाळलं. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की शेपूट छाटायचं, डोकं शाबूत राहतं. आता क्रीडा पानावरच्या बातमीचं शेपूट कोणतं, हे काही कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पण खो-खो असो, कबड्डी असो की धावण्याच्या शर्यती, शेवटचा परिच्छेद 'महिला गटात' याच दोन शब्दांनी सुरू व्हायचा, आणि त्यात कुणाला काही खटकायचं नाही. जाहिरात आली, छाट. फोटो मोठा झाला, छाट. कुणाच्या मनात आकस नव्हता. आकस असता तर निदान कधीतरी भांडण झालं असतं.

निवृत्तीनंतर श्रीरंगराव साताऱ्यात सुखानं राहत होते. वय अडुसष्ट. सकाळी फिरणं, दुपारी झोप, संध्याकाळी घरच्या मोठ्या पडद्यावर सामने. हल्ली त्यांना महिलांची लीग फार आवडू लागली होती. सगळ्या महाराष्ट्रालाच आवडू लागली होती म्हणा ना. २०४१ साली महिलांच्या खो-खोच्या अंतिम सामन्याची तिकिटं दोन महिने आधी संपत होती, आणि श्रीरंगराव शेजाऱ्यांना सांगत, "मी तर कधीपासून म्हणत होतो, यांच्या खेळात दम आहे." ते हे कधी म्हणाले होते, असं विचारण्याची शेजाऱ्यांना गरज वाटत नसे.

जानेवारीतल्या एका सकाळी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पाठीला सॅक, पायात धुळीनं माखलेले बूट.

"रत्नप्रभा रणवरे इथंच राहतात का?"

श्रीरंगरावांना क्षणभर काही बोध होईना. बायकोचं माहेरचं नाव त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. रत्नाबाई मात्र आतून पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर आल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की श्रीरंगरावांनी तो यापूर्वी एकदाच पाहिला होता, बघण्याच्या कार्यक्रमात.

मुलीचं नाव ओवी लोखंडे. पुनर्दर्शन केंद्रात तंत्रज्ञ होती. पुनर्दर्शन म्हणजे काय, ते तोवर शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं. जुन्या सामन्याचे फोटो, गुणपत्रक, बातम्या, कुणाच्या कपाटातली व्हिडिओची फीत, असं जे हाती लागेल ते यंत्राला द्यायचं. माणसाचं शरीर कसं वळतं, कसं पळतं, कसं दमतं, हे यंत्राला लाखो सामने पाहून ठाऊक झालेलं असतं. मग ते दोन पुराव्यांच्या मधली मोकळी जागा भरून काढतं आणि तो सामना मैदानावर उजेडाच्या माणसांनी पुन्हा खेळून दाखवतं. किती भाग पुराव्याचा आणि किती अंदाजाचा, याचा आकडाही देतं. त्याला विश्वासांक म्हणतात. पन्नासच्या खाली गेला तर सामना लोकांना दाखवता येत नाही.

पुरुषांचे सामने झकास उभे राहिले. कुणी कुठं पाय मुरगाळला, कुणी कुठं आपटी खाल्ली, सगळं. यंदा लीगवाल्यांनी ठरवलं की अंतिम सामन्याच्या मध्यंतरात महिलांचाही एक जुना सामना दाखवायचा. म्हणून फलटणची १९९९ सालची राज्य निमंत्रित स्पर्धा निवडली, तर मैदानावर नऊच्या नऊ बिनचेहऱ्याच्या मुली उतरल्या. सगळ्या एकसारख्या पळत होत्या. विश्वासांक अकरा. यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"काकू, तुमच्या संघातल्या सगळ्या जणी सांगतात की तुम्ही सहा मिनिटं दहा सेकंद एकट्यानं संरक्षण केलंत," ओवी म्हणाली. "पण गुणपत्रक वाळवीनं खाल्लं. गुणलेखक वारले. समोरच्या संघातल्या दोघी सापडल्या, त्यांना आपण हरलो एवढंच आठवतंय."

"मग मला बसवा की त्या यंत्रात. माझ्या डोळ्यांपुढं आहे सगळं."

"खेळाडूची स्वतःची आठवण चालत नाही, काकू. आपला पराक्रम माणूस मनात इतक्यांदा घासूनपुसून ठेवतो की खरं कुठलं आणि चकाकी कुठली, ते यंत्राला ओळखता येत नाही. तिऱ्हाईत साक्षीदार पाहिजे. त्या दिवशी तुमचं कुणी नसलेला."

रत्नाबाई हसल्या. अगदी मोकळ्या, दात दिसतील इतक्या हसल्या.

"मग एवढी वणवण कशाला केलीस गं? साक्षीदार माझ्या घरातच आहे. यांनी पाहिलाय तो सामना. त्यावरूनच तर लग्न ठरलं आमचं."

श्रीरंगरावांच्या हातातला पोह्यांचा चमचा तोंडापाशीच राहिला.

*

खरी गोष्ट अशी होती.

त्या दिवशी प्रमुख पाहुण्यांना लवकर जायचं होतं, म्हणून पुरुषांचा अंतिम सामना आधी उरकला. हारतुरे झाले, फेटे झाले, भाषणं झाली आणि पाहुण्यांच्या गाडीमागोमाग अर्धं मैदान रिकामं झालं. मग पाच वाजून गेल्यावर महिलांचा सामना सुरू झाला. श्रीरंग भोईटे, वय सव्वीस, वार्ताहर आणि उपसंपादक, सकाळपासून उपाशी होते. मैदानाच्या कडेला भज्यांचा गाडा होता. ते तिकडं गेले. सामना संपल्यावर गुणलेखकाकडून आकडे उतरून घेतले, सव्वासहाची सातारा गाडी पकडली, कचेरीत जाऊन बातमी लिहिली, पान लावलं. पानावर सभापतींचा फोटो फेट्यासकट मावेना. तेव्हा श्रीरंगनी, कुणीही सांगितलं नसताना, स्वतःच्या हातानं स्वतःच्याच बातमीचा शेवटचा परिच्छेद कापला आणि ते चहा प्यायला गेले.

वर्षभरानं स्थळ आलं ते नेमकं रत्नप्रभा रणवरेचं. मुलगी खेळाडू म्हटल्यावर श्रीरंगना आपण फलटणला गेलो होतो हे आठवलं. चार माणसांत, हातात बशी घेऊन, त्यांनी सहज थाप ठोकून दिली, "मी पाहिलाय तुमचा सामना. शेवटी शेवटी खुंटाजवळ जी हुलकावणी दिलीत ना, तोडच नाही." ही हुलकावणी त्यांनी गुणलेखकाच्या तोंडून ऐकली होती. मुलीनं मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "मग पेपरात का नाही आलं?" श्रीरंग म्हणाले, "मी लिहिलं होतं हो. वरच्यांनी कापलं."

एका बशीत दोन थापा. तेव्हा त्यांचं काहीच बिघडलं नाही. उलट रत्नानं त्याच संध्याकाळी होकार कळवला. बारामतीचा एक क्रीडाशिक्षक तिला लग्नानंतर खेळू देईन असं कागदावर लिहून द्यायला तयार होता. ती आईला म्हणाली, ज्यानं माझा खेळ पाहिलाय त्याच्याकडून लिहून कशाला घ्यायचं? लग्नानंतर ती एक हंगाम खेळली. मग सासूबाईंचं आजारपण, मग पहिलं बाळंतपण, मग कुणी विषय काढला नाही. आपण तिला कधी अडवलं नाही, असं श्रीरंगराव मोठ्या अभिमानानं सांगत. खरंच होतं ते. त्यांनी कधी अडवलं नाही आणि कधी विचारलंही नाही.

ओवीनं साक्षीची तारीख दिली ती दहा दिवसांनंतरची. श्रीरंगरावांना आजारी पडावंसं वाटलं. पण रत्नाबाईंनी त्याच दुपारी संघातल्या सहा बायकांना फोन करून सांगितलं होतं की आपला सामना आता उभा राहतोय, काळजी नको. त्या सहा जणींपैकी एक नागपूरहून यायला निघणार होती. मग श्रीरंगरावांना दुसरी युक्ती सुचली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ते उगाच नाही.

संध्याकाळी त्यांनी बायकोला म्हटलं, "रत्ना, जरा तो सामना पुन्हा पहिल्यापासून सांग. माझ्या आठवणीला उजाळा मिळेल."

रत्नाबाई पाहतच राहिल्या. मग त्यांनी जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, मांडणीतून आठ वाट्या आणून एका ओळीत मांडल्या, दोन टोकांना दोन फुलपात्रं ठेवली.

"हे खुंट. या वाट्या म्हणजे बसलेल्या मुली. एक तोंड इकडं, एक तिकडं. आणि ही मी." त्यांनी एक वेलदोडा ठेवला. "आमच्या तुकडीतल्या दोघी पहिल्या मिनिटातच बाद झाल्या. मग मी एकटी. एकेरी साखळी धरली. ही अशी. हिच्या मागनं, हिच्या पुढनं. अहो, असं लांबून काय बघताय? वाकून बघा की."

आठ संध्याकाळी हा खेळ चालला. वेलदोडा वाट्यांमधून नागमोडी पळत होता. रत्नाबाईंचे गुडघे दुखत असूनही त्या उभ्या राहून सांगत होत्या, मध्येच खुर्चीला धरून हुलकावणी देऊन दाखवत होत्या. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत तुम्ही एकदा तरी विचाराल असं मला वाटायचं. मग वाटलं, पाहिलंयच की त्यांनी, कशाला विचारतील?" आणि त्यांनी डोळे टिपले. श्रीरंगरावांना तेव्हा सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तोंड उघडलं ते "मग पाचव्या मिनिटाला काय झालं?" एवढंच विचारायला. आपण कॉपी करायला अभ्यास करतोय, आणि ही समजतेय की नवऱ्याला आपली किंमत कळली. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

*

पुनर्दर्शन केंद्रातल्या खोलीत एक आरामखुर्ची होती. ओवीनं श्रीरंगरावांच्या डोक्यावर जाळीची टोपी चढवली, कानाला बारीक ध्वनिक्षेपक लावले.

"तुम्हाला काही सांगायचं नाहीये, काका. फक्त बघायचं. आपल्याला ओळखीचं काही दिसलं ना, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत विजेची एक बारीकशी लाट उठते. माणसाला पत्ताही नसतो. यंत्र तुम्हाला त्या सामन्याचे हजारो तुकडे दाखवेल. मुलगी डावीकडं वळली, मुलगी उजवीकडं वळली, ऊन असं होतं, ऊन तसं होतं. ज्याला लाट उठली तो तुकडा ठेवायचा, त्यावरून पुढचे तुकडे करायचे. असं करत करत ते खऱ्यापाशी पोचतं."

"आणि लाट उठलीच नाही तर?"

"तर सपाट रेघ," ओवी म्हणाली आणि तिनं दिवे मंद केले.

तासाभरानं तिनं यंत्र थांबवलं. तिच्या कपाळावर आठी होती.

"काका, त्या दिवशी तुम्ही झाडावर चढून बसला होतात का?"

"झाडावर?"

"साखळीला लाट उठतेय, चांगली जोरात. पण सगळी दृश्यं वरून पाहिलेली आहेत. सरळ डोक्यावरून. आणि मुलींच्या जागी काहीतरी गोल आणि चकचकीत आहे. यंत्राला काही केल्या कळत नाहीये ते काय आहे."

श्रीरंगरावांनी डोक्यावरची जाळी चाचपली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कितीतरी बातम्या वेळ मारून नेत पूर्ण केल्या होत्या. इथं वेळ मारून नेता येत नव्हती.

"वाट्या आहेत त्या," ते म्हणाले. "आमच्या घरातल्या."

मग त्यांनी ओवीला सगळं सांगितलं. भज्यांचा गाडा, बघण्याचा कार्यक्रम, वेलदोडा. फक्त बातमी आपण स्वतः कापली, एवढं मात्र सांगितलं नाही. ते तिला सांगून काय उपयोग, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ओवी आपल्या नातीच्या वयाची आहे, आणि ती आपल्याकडं बघत नाहीये, यंत्राच्या पडद्याकडं बघतेय, हे त्यांना बोलता बोलता जाणवत होतं.

"म्हणजे सामना चालू असताना तुम्ही होतात कुठं? नेमकं सांगा."

"गाड्यापाशी. वीस-पंचवीस पावलांवर."

"तोंड कुठं?"

"कढईकडं."

"आणि कान?"

श्रीरंगरावांना प्रश्न कळला नाही. ओवीनं उत्तराची वाटही पाहिली नाही. तिनं मुलींचे तुकडे काढून टाकले, पडदा काळा केला आणि नुसते आवाज सोडायला सुरुवात केली. तेलाची चुरचुर. शिट्टी. मुलींच्या ओरडण्याचा 'खो'. पुन्हा 'खो'. लांबून, पाठीमागून, डाव्या कानाशी जरा जास्त. पडद्याच्या कोपऱ्यातली रेघ पडदा काळा झाल्यावर सपाट झाली होती. ती आता थरथरायला लागली.

"तुम्ही पाहिलं नाही, पण ऐकलंत," ओवी म्हणाली. ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. "एवढे 'खो' लागोपाठ पडतायत आणि मध्ये बाद झाल्याची शिट्टीच नाही. काका, तुम्हाला तेव्हा काय वाटत होतं?"

"काही नाही." आणि मग, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता, "वैताग आला होता. संपतच नव्हतं. मला गाडी पकडायची होती."

"मग काय केलंत?"

"घड्याळ बघितलं."

ओवीनं घड्याळं दाखवली. शेकडो मनगटं, शेकडो तबकड्या, वेगवेगळ्या वेळा. दोन ठिकाणी रेघ उसळली. पाच एकवीसला एकदा. पाच सत्तावीसला एकदा. मधले 'खो' मोजून यंत्रानं हिशेब मांडला: सहा मिनिटं पाच सेकंद ते सहा मिनिटं पंधरा सेकंद. कुठला 'खो' मैदानाच्या कुठल्या बाजूनं आला, त्यावरून मुलगी कुठं पळत होती तेही मांडलं. विश्वासांक बहात्तर.

"मिळालं!" ओवी ओरडली. मग तिचा आवाज खाली आला. "तुमच्या कंटाळ्यानं मोजलं गेलं, काका. तुम्हाला जेवढा वेळ वैताग आला, तेवढा वेळ त्या पळत होत्या."

श्रीरंगरावांनी टोपी काढली. 

एक अडचण होती, आणि ती ओवीनं तिथंच सांगितली. मागं खोटी पुनर्दर्शनं दाखवून निवडणुका लढवल्या गेल्या होत्या. तेव्हापासून कायदा झाला होता की सामन्याबरोबर साक्षीची ओळ फलकावर दाखवलीच पाहिजे. साक्षीदार कोण, कुठं होता, त्यानं काय पाहिलं, काय ऐकलं. संमतीपत्रावर सही केली तर ती ओळ सगळ्या साताऱ्यासमोर झळकणार. नाही केली तर श्रीरंगरावांची थाप सुखरूप राहणार आणि मैदानावर बिनचेहऱ्याच्या मुलीसुद्धा उतरणार नाहीत.

"दोन दिवस आहेत," ओवी म्हणाली. "घरी विचार करा."

*

विचार करायला रिक्षाच्या प्रवासाइतकाच वेळ मिळाला. दारातच रत्नाबाईंनी विचारलं, "काय झालं? दिसले का मी?"

श्रीरंगरावांनी कागद टेबलावर ठेवला. वाट्या अजून तिथंच होत्या.

"वेळ सिद्ध झाली. सहा मिनिटं दहा सेकंद. पण रत्ना, मी तो सामना पाहिला नव्हता. भजी खात होतो. तुझ्याकडं पाठ होती."

रत्नाबाई खुर्चीत बसल्या.  स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, त्याचा वास आला, तरी उठल्या नाहीत.

"मग खुंटाजवळची हुलकावणी?"

"गुणलेखकानं सांगितली होती."

"आणि हे आठ दिवस? मी रोज या टेबलाशी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. हात लांबवून एकेक वाटी उचलली, एकात एक घातली आणि आत नेऊन घासायला टाकली. परत आल्या तेव्हा त्यांनी कागद वाचला, साक्षीच्या ओळीचं कलमही वाचलं. अगदी बोट ठेवून वाचलं.

"सही करा," त्या म्हणाल्या.

"लोक हसतील गं मला."

"हसू देत. मी बेचाळीस वर्षं खोटारडी ठरत आले. सासरी-माहेरी, पोरांपुढंसुद्धा. सहा मिनिटं म्हटलं की लोक एकमेकांकडं बघायचे. मी म्हणायचे, यांना विचारा, यांनी पाहिलंय. करा सही."

त्यांनी सही केली. पुढचे बारा दिवस रत्नाबाईंनी वेळेवर चहा दिला, वेळेवर जेवायला वाढलं, औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या आणि कामापलीकडं एक शब्द उच्चारला नाही. भांडल्या असत्या तर श्रीरंगरावांना बरं वाटलं असतं. ते दिवसभर घरात पाय न वाजवता वावरत होते.

*

अंतिम सामन्याच्या दिवशी मैदान खच्चून भरलं होतं. रत्नाबाईंच्या संघातल्या बायका पुढच्या रांगेत बसल्या होत्या, दोघी काठ्या घेऊन, एक नातवाच्या आधारानं. नवराबायकोच्या जागा चार रांगा मागं होत्या. मध्यंतराची शिट्टी झाली, दिवे मंदावले आणि फलकावर अक्षरं उमटली:

फलटण, १९९९. साक्ष: श्रीरंग भोईटे, वार्ताहर. सामना पाहिला नाही. भज्यांच्या गाड्यावरून ऐकला.

 मग कुठूनतरी एक हसू फुटलं आणि ते सगळ्या मैदानावर पसरत गेलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवून मागं पाहिलं. त्या हसत नव्हत्या. श्रीरंगरावांनी मान खाली घातली.

मग 'खो' ऐकू आला, आणि उजेडातून एक मुलगी धावत निघाली.

चेहरा कॉलेजच्या ओळखपत्रावरून घेतलेला होता, फलकावर नाव उमटलं होतं: रत्नप्रभा रणवरे. दोन वेण्या वर बांधलेल्या, कोपरावर खरचटलेलं. ती वाकली, वळली, बसलेल्या मुलींच्या मधून सळसळत गेली, हात लागणार म्हणताना निसटली. मिनिट झालं. दोन झाली. आता कुणी हसत नव्हतं. चौथ्या मिनिटाला लोक उभे राहू लागले. पोरी शिट्ट्या वाजवत होत्या, बाप लहानग्यांना खांद्यावर घेत होते. श्रीरंगरावांनी मान वर केली आणि मग त्यांना ती खाली घालता येईना. कुणीतरी असंही पळू शकतं, आणि ते माणूस आपल्या घरात इतकी वर्षं पोळ्या लाटत होतं, आपले शर्ट इस्त्री करत होतं, आणि आपण एकदाही म्हटलं नाही की रत्ना, पळून दाखव. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

रत्नाबाईंनी तिरप्या नजरेनं ते पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा निवळला.

"जाऊ दे आता," त्या म्हणाल्या. "पाहिलं नाहीत ते नाहीत. पण निदान लिहिलं तरी होतंत. नाव घातलं होतंत माझं. कापलं ते दुसऱ्यांनी."

माफीचं दार उघडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. हे गुपित कुठल्याही यंत्राला ठाऊक नव्हतं, आणि ते आता कुणी बाहेर काढणारही नव्हतं. श्रीरंगरावांनी समोर पाहिलं. मुलगी खुंटाशी पोचली होती.

"कापलं मीच," ते म्हणाले.

"काय?"

"लिहिलं मी आणि कापलंही मीच. कुणी सांगितलं नव्हतं. सभापतींचा फोटो मावत नव्हता."

रत्नाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. आजूबाजूला हजारो माणसं ओरडत होती, त्यांच्याच नावानं ओरडत होती.

"म्हणजे ते छापलं असतंत," त्या सावकाश म्हणाल्या, "तर एवढं काहीच करावं लागलं नसतं. ना यंत्र, ना साक्ष. कात्रण दाखवलं असतं मी."

"हो."

"काय लिहिलं होतं? आठवतंय?"

श्रीरंगरावांना अक्षर न् अक्षर आठवत होतं. ते कुजबुजल्यासारखं म्हणाले, "महिला गटात फलटण संघाच्या रत्नप्रभा रणवरे हिने सहा मिनिटे दहा सेकंद संरक्षण करून संघाला अजिंक्यपद मिळवून दिले."

"मोठ्यानं."

"इथं? रत्ना, एवढे लोक..."

"बातमी लोकांसाठीच होती ना?"

श्रीरंगराव उभे राहिले. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, पण गलका इतका होता की समोरच बसलेल्या दोन पोरींनी तेवढं वळून पाहिलं, एक म्हातारा एकटाच काय बडबडतोय म्हणून. त्यांनी बायकोकडं पाहिलं. रत्नाबाईंनी पर्स उचलली होती. पायऱ्यांचा कठडा धरून त्या एकेक पायरी उतरत पुढच्या रांगेकडं निघाल्या. तिथं संघातल्या बायकांनी सरकून त्यांच्यासाठी जागा केली. त्या मागं वळल्या नाहीत.

खाली पाच मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. श्रीरंगराव तसेच उभे होते, आणि आता त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. त्यांनी छातीत हवा भरली, सगळं वाक्य तिसऱ्यांदा, पहिल्या शब्दापासून, ओरडून म्हणायला सुरुवात केली, आणि नावाशी आल्यावर त्यांचा आवाज फुटला.